टँकची तब्येत : आधी पाणी बघा, बाटली नंतर उघडा

या वेळेस पत्रं भरपूर आलीत आणि जवळपास सगळ्यांत तेच, मासा आजारी आहे, कुठलं औषध टाकू. सोबत माशाचा हललेला फोटो, औषधाच्या बाटलीचा मात्र अगदी स्पष्ट फोटो, आणि पाण्याबद्दल एक शब्द नाही. टँक किती लिटरचा, चालू करून किती दिवस झाले, अमोनिया-नायट्राइट-पीएच किती, तापमान किती, शेवटचा नवीन मासा कधी आणला, पाणी कधी आणि किती बदललं, एवढं लिहून पाठवत जा हो. लिहिता लिहिता बऱ्याच जणांना उत्तर आपोआप सापडतं असा माझा अनुभव आहे. ज्यांच्या पत्रात थोडी तरी माहिती होती त्यांचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, साठ लिटरचा टँक आहे, तीन आठवडे झाले. पहिल्याच आठवड्यात आठ मासे सोडले. आता सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, दोघांचे कल्ले लालभडक दिसतायत. पाणी काचेसारखं क्लिअर आहे. निळं औषध टाकून बघितलं तर अजून बिघडलं. कुठला रोग असेल?

रोग नाहीये, अमोनिया आहे. टेस्ट किट नसेल तर आधी ते आणा, पण आकडा कळायची वाट न बघता आजच पाणी बदला. क्लिअर पाणी म्हणजे चांगलं पाणी हा समज कुठून आला कोण जाणे, अमोनियाला रंग नसतो. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात, उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते, आणि तो पचवणारे बॅक्टेरिया नव्या फिल्टरमध्ये तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. तुमच्याकडे हे दोन्ही गट अजून धड बसलेले नाहीत आणि आठ मासे मात्र पहिल्या दिवसापासून हजर. वर ते निळं औषध, म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू, ते याच बॅक्टेरियांना मारतं. म्हणून अजून बिघडलं.

दोन-तीन दिवस खाणं पूर्ण बंद ठेवा, मासे उपाशी मरत नाहीत. रोज ३० ते ५० टक्के पाणी बदला, नवीन पाण्यात डीक्लोरिनेटर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून आणि तापमान जुळवून. रात्रभर बादलीत ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं हे खरं आहे, पण पुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर ते नुसतं ठेवून जात नाही. एअर पंप जोरात चालू ठेवा. पीएच पण बघा, कारण अमोनियाचं विष पीएचवर ठरतं. २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवर आकडा तोच आणि धोका दहापट. नायट्राइट वाढलेला दिसला तर लिटरला एक ग्रॅम मीठ विरघळवून टाका, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, नाहीतर रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये घाला, याच्याइतका झटपट उपाय दुसरा नाही. आणि निळा रंग काढायला फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका, म्हणजे रंग आणि औषध शोषून घेणारा कोळसा.

प्रश्न : माशांवर पांढरे ठिपके आले होते, मीठ भुरभुरवल्यासारखे. औषध टाकलं, दोन-तीन दिवसांत ठिपके गेले म्हणून बंद केलं, आठवड्यात परत आले आणि आता दुप्पट आहेत. टँकमध्ये दोन क्लाउन लोच पण आहेत, तेच सगळ्यात जास्त भरलेत. औषध नकली असेल का?

औषध खरंच असेल, बंद केलंत ती वेळ चुकली. हा इक, म्हणजे इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. त्याचा फेरा एकदा नीट समजून घ्या मग उपचार कसा करायचा ते पाठ करावं लागत नाही.

तुम्हाला जो पांढरा ठिपका दिसतो तो किडा माशाच्या वरच्या त्वचेच्या खाली बसून खात असतो, त्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो स्वतःहून गळून खाली पडतो, ग्रॅव्हलवर, काचेवर, झाडाच्या पानावर कुठेतरी चिकटून भोवती आवरण करतो आणि आतल्या आत विभागत जातो. तिथेही औषध चालत नाही. मग त्या एकातून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात, पाण्यात पोहत मासा शोधतात, आणि साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषधाने मरतात ती फक्त ही पोहणारी पिल्लं. म्हणजे तुमचे ठिपके "गेले" ते मेले म्हणून नाही, वेळ झाली म्हणून खाली पडले, आणि नेमकी त्यांची पिल्लं बाहेर यायच्या वेळेला तुम्ही औषध थांबवलंत.

हा सगळा फेरा २५-२६ डिग्रीला चार-सहा दिवसांत होतो, थंड पाण्यात मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो. म्हणून तापमान वाढवायचं, किडा मरावा यापेक्षा तो लवकर बाहेर यावा म्हणून. काही तासांनी एकेक डिग्री करत ३० पर्यंत न्या, क्लाउन लोचला ते चालतं (गोल्डफिश असते तर मी एवढं वर जा म्हटलं नसतं). गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि इक कल्ल्यांतही बसलेला असतो, त्यामुळे एअर स्टोन वाढवणं हे ऐच्छिक नाही. लोचचे खवले अगदी बारीक असतात, मॅलाकाइट ग्रीनसारखं औषध त्यांना सोसत नाही, म्हणून बाटलीवरच्या डोसच्या निम्मा घ्या. नाहीतर फक्त तापमान आणि मीठ, लिटरला दोन ग्रॅम, एकदम न ओतता दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून, वेगळ्या भांड्यात विरघळवून. नाजूक झाडं असतील तर ती रुसतील, चालेल. कार्बन काढून ठेवा नाहीतर तो औषध शोषून घेतो. रोज ग्रॅव्हल सायफन करा, म्हणजे तळाची घाण पाइपने पाण्यासकट ओढून काढा, कारण पुढची पिढी तिथेच बसलीये, आणि जेवढं पाणी काढाल तेवढ्यापुरतं औषध किंवा मीठ परत टाका. एकूण दहा ते चौदा दिवस, आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान चार-पाच दिवस चालूच ठेवा. जाळी, बादली, सायफनचा पाइप दुसऱ्या टँकला वापरायच्या आधी कडकडीत वाळवा.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. अंधारात टॉर्च तिरका मारून बघा. ठिपके सुटे पांढरे असतील तर इक, पण अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी शिंपडल्यासारखी चमक दिसली तर तो व्हेल्वेट. तो परजीवी काही प्रमाणात उजेडावर जगतो म्हणून लाइट बंद करून टँक झाकतात, आणि औषध तांब्याचं लागतं. तांब्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात, त्या आधी बाहेर काढा.

प्रश्न : माझ्या एका गोल्डफिशला पण पांढरे ठिपके आलेत पण फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला. खातोपितो, उलट जास्तच पळतोय, दुसऱ्या गोल्डफिशच्या मागे लागलेला असतो. औषध चालू करू का?

अजिबात नको. तो नर आहे आणि वयात आलाय. विणीच्या काळात गोल्डफिश नरांना नेमके याच दोन जागी कडक पांढरे दाणे येतात आणि नंतर आपोआप जातात. इकचे ठिपके अंगभर, शेपटीवर, कसेही विखुरलेले येतात, असे ओळीत बसत नाहीत. ज्याच्या मागे तो लागलाय त्या मादीला लपायला जागा करून द्या, आजारी पडलीच तर ती पडेल.

प्रश्न : दोन वर्षांचा टँक, कधी काही झालं नाही. पाणी कमी झालं की वरून भरायचो, एवढंच. मागच्या आठवड्यात चांगली साफसफाई करायची ठरवली, सत्तर टक्के पाणी बदललं, डीक्लोरिनेटर पण टाकला, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे मासे मेलेले. पाण्यातच काहीतरी विष होतं का?

विष टँकमध्येच होतं, झोपलेलं. वाचून चीड येईल पण दोन वर्षं काही झालं नाही यातच गोम आहे.

अमोनिया पचवताना बॅक्टेरिया आम्ल तयार करतात. ते आम्ल शोषून घ्यायचं काम पाण्यातले कार्बोनेट करतात, किटवर ज्याला केएच म्हणतात ते. पाणी कधी बदललंच नाही आणि फक्त उडालेलं भरत राहिलो तर अशा टँकमध्ये केएच हळूहळू संपत येतो, आणि एकदा संपला की पीएच घसरतो, सहाच्याही खाली जातो. एवढ्या आम्लात फिल्टरचे बॅक्टेरिया जवळजवळ काम बंद करतात, अमोनिया साचायला लागतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो जवळपास सगळा अमोनियम या कमी घातक रूपात पडून राहतो. मासेही हळूहळू त्याला सरावतात. सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस सत्तर टक्के ताजं पाणी आलं, पीएच एकदम साडेसात-आठला गेला, आणि उरलेल्या तीस टक्क्यांतला अमोनियम विषारी झाला. अचानक पीएच बदलल्याचा धक्का वेगळाच. त्यात फिल्टर क्लोरीनच्या पाण्यात धुतल्यामुळे जे काही बॅक्टेरिया उरले होते तेही गेले. तुम्ही टेस्टचे आकडे दिले नाहीत त्यामुळे शपथेवर सांगत नाही, पण वर्णन तंतोतंत तेच आहे.

जे मासे वाचलेत त्यांच्यासाठी आता रोज अमोनिया तपासा, नवा टँक समजूनच वागा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही लागू. इतर कुणाचा असाच "वरून भरायचो" टँक असेल तर घाबरून एका दिवसात साफ करायला जाऊ नका, रोज दहा टक्के असं करत दोन-तीन आठवड्यांत पाणी ताजं करा आणि दरवेळी पीएच बघा. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, तोसुद्धा चकचकीत होईपर्यंत नाही.

प्रश्न : मॉलीच्या तोंडाला कापसासारखं पांढरं लागलं. फंगस म्हणून फंगसचं औषध टाकलं, हीटर वाढवला. दोन दिवसांत चार मेल्या. एकीच्या पाठीवर पण राखाडी पट्टा होता, खोगीर घातल्यासारखा.

तो पाठीवरचा पट्टा लिहिलात हे फार बरं केलंत. ही फंगस नव्हती, कॉलमनॅरिस होता, फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलमनेअर नावाचा बॅक्टेरिया, आणि ऊब मिळाली की तो अजून वेगाने पसरतो. हीटर वाढवणं इकला जेवढं उपयोगी तेवढंच इथे घातक. खरी फंगस बहुतेक वेळा आधीच्या जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर उगवते, लांब केसांसारखी, पाण्यात हलणारी असते आणि सावकाश वाढते. चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत मासे पटापट जातायत, तोंडाला आणि पाठीला चपटा, राखाडी-पांढरा, कडेला पिवळट थर आहे, म्हणजे कॉलमनॅरिसच धरून चालायचं.

तापमान हळूहळू २४ पर्यंत खाली आणा, हवा वाढवा, आजारी मासे वेगळ्या टँकमध्ये घ्या. याला अँटिबायोटिक लागतं आणि ते माशांच्या डॉक्टरला, निदान प्राण्यांच्या डॉक्टरला विचारून. घरात पडलेली माणसांची कॅप्सूल फोडून टाकायची जी पद्धत पडलीये ना, त्याचा मला मनापासून राग येतो. एकतर डोसचा पत्ता नसतो, दुसरं म्हणजे फिल्टरचे बॅक्टेरिया त्यात जातात, आणि टेट्रासायक्लिन असेल तर जड पाण्यातल्या कॅल्शियमला ते चिकटून बसतं, माशाला मिळतच नाही. अर्धवट डोसने मासा तर वाचत नाहीच, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र तयार होतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या फायटर माशाचं पोट खूप फुगलंय आणि सगळे खवले उभे राहिलेत. काल जेवला नाही, तळाशी पडून असतो. तो बरा होईल ना?

तुला खरं सांगते, खवले असे उभे राहिले असतील तर बरा होण्याची शक्यता फार कमी असते. याला ड्रॉप्सी म्हणतात. आतल्या कशाने तरी, बऱ्याचदा इन्फेक्शनने, किडनी काम करेनाशी झाली की शरीरात पाणी साठतं आणि खवले बाहेर ढकलले जातात. तू काहीतरी चुकीचं खायला घातलंस म्हणून एका रात्रीत असं होत नाही.

त्याला छोट्या, उथळ टँकमध्ये ठेव, म्हणजे श्वास घ्यायला वर यायला सोपं जाईल, पाणी २७ डिग्रीच्या आसपास आणि रोज थोडं बदललेलं. घरातल्या मोठ्या माणसाला एप्सम सॉल्ट आणायला सांग, जेवणातलं मीठ नको, त्याने सूज कमी होत नाही. डॉक्टर मिळत असेल तर दाखवा. तो अगदीच तडफडत असेल तर त्याला शांतपणे जाऊ देण्यासाठी लवंगेच्या तेलाने भूल देतात, पण ते तुझं काम नाही, मोठ्यांनी डॉक्टरला विचारून करायचं. नुसतं पोट फुगलंय आणि खवले सपाट आहेत असं असेल तर मात्र ते बद्धकोष्ठही असू शकतं, दोन दिवस उपास दे आणि वरून खाली नीट बघ.

प्रश्न : गप्पींच्या मागच्या बाजूला लाल धाग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं, मासा थांबला की दिसतं, हलला की आत जातं. जंतांचं औषध म्हणून प्राझिक्वांटेल दिलं, फरक शून्य.

कॅमालॅनस. आतड्याला चिकटून रक्त पिणारा गोल जंत, म्हणून लाल. प्राझिक्वांटेल चपट्या जंतांवर चालतं, कल्ल्यांतले फ्लूक, टेपवर्म वगैरे, याच्यावर नाही. इथे लेव्हामिसोल लागतं, लिटरला दोन मिलिग्रॅम, चोवीस तास, लाइट बंद करून कारण उजेडात ते खराब होतं. त्याने जंत मरत नाहीत, लुळे पडून शीवाटे बाहेर येतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मोठं पाणी बदलून तळ नीट सायफन करायचा, नाहीतर मासे तेच परत गिळतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. टँकमधल्या सगळ्या माशांना द्यायचं, धागा दिसतो त्यांनाच नाही. आणि पुढचा नवीन मासा आणाल तो तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, हे पाहुणे बहुतेक वेळा तसेच येतात.

प्रश्न : दोन टेट्रा बारीक होत गेले, पाठ वाकडी झाली, मेले. तिसरा पण तसाच दिसतोय. शिवाय माझ्या बोटावर एक गाठ आलीये, टँक साफ करताना खरचटलं होतं तिथे, दोन महिने झाले जात नाहीये. संबंध असेल का?

असू शकतो, आणि इथे मासा बाजूला ठेवा, आधी तुम्ही त्वचेच्या डॉक्टरकडे जा. जाऊन "घरात मासे आहेत, टँकमध्ये हात घालताना जखम होती" हे वाक्य स्पष्ट म्हणा, कारण सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात येईलच असं नाही. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू माशांना टीबीसारखा आजार करतो आणि जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतो. बरा होतो, पण औषधं काही महिने घ्यावी लागतात, साध्या मलमाने जात नाही. माशांमध्ये यावर भरवशाचा उपचार नाही. पाठ वाकण्याला दुसरी कारणंही असतात, वय, खाण्यातली कमतरता, पण ओळीने तीन म्हणजे मी तरी थांबणार नाही. नवीन मासे आणू नका, त्या टँकची जाळी दुसरीकडे नेऊ नका, हातात लांब ग्लोव्ह्ज घाला आणि सायफन तोंडाने ओढून सुरू करायची सवय असेल तर ती आजच सोडा.

प्रश्न : सगळीकडे "लिटरला इतके ग्रॅम" लिहिता पण माझा टँक किती लिटरचा हे कसं काढायचं? बॉक्सवर ६५ लिटर लिहिलंय.

बॉक्सवरचा आकडा ग्रॅव्हल-दगड न घालता काठोकाठ भरलेल्या टँकचा असतो. आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा. ६० गुणिले ३० गुणिले ३२ म्हणजे साधारण ५८ लिटर, त्यातून ग्रॅव्हल-दगड वजा जाता पन्नासच्या आसपास उरेल. ६५ धरून डोस दिलात तर तो सव्वापटीहून जास्त होतो, मॅलाकाइट ग्रीन किंवा तांब्याच्या बाबतीत एवढा फरक मासा मारायला पुरतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे पुढच्या वेळी टँक भरताना बादल्या मोजा आणि आकडा टँकच्या मागे मार्करने लिहून ठेवा. मिठाचंही तसंच, पन्नास लिटरला दोन ग्रॅमप्रमाणे शंभर ग्रॅम, मग पंधरा लिटर पाणी बदललं तर तीस ग्रॅमच परत टाकायचं, परत शंभर नाही. आणि नुसतं उडालेलं पाणी भरताना मीठ टाकायचंच नाही, मीठ उडत नाही.